वळण

फॉर्म दोन होते. गुलाबी माझा, पांढरा त्याचा.
दातांच्या कॉलेजातली ती शिकाऊ पोरगी म्हणाली,
काकू, एकमेकांचं बघायचं नाही,
आणि शार्दूलला तिने खिडकीजवळच्या बाकावर नेलं.

मला घाई होती. धनकवडीत तीन ब्लाउज
हुकांवाचून पडले होते, एकीची तर उद्या हळद.
भराभरा खुणा केल्या.
खाताना अडचण? कधीच नाही.
मुलं चिडवतात? कधीच नाही.
हसायचं टाळतो?
पेन थांबलंसुद्धा नाही माझं.

हसताना तोंडावर हात धरतो माझा मुलगा.
पाहुणे म्हणायचे, वळण आहे हो तुमच्या पोराला.
मी ते पदराला गाठ मारून ठेवलं होतं.

पेरू त्याला आवडत नाही, हे तर मी
शपथेवर सांगितलं असतं.
शाळेच्या फाटकाशी गाडी लागते, बाकीची पोरं
तिखटमीठ लावलेला अख्खा पेरू करकचून चावतात,
हा म्हणायचा, नको, बिया अडकतात.
सिंहगडावर कणीस घेऊन बसला,
एकेक दाणा अंगठ्याने सोलत, इतका वेळ
की आमचं पिठलं संपलं, ताक संपलं.
मामा म्हणाला, किती शांत आहे गं हा.

मग तिने दोन्ही कागद टेबलावर
शेजारी शेजारी ठेवले.
त्याच्या सगळ्या खुणा शेवटच्या रकान्यात,
जवळजवळ रोज, जवळजवळ रोज,
आणि खाली, आणखी काही सांगायचंय का, तिथे
अगदी वळणदार अक्षरात:
मराठीच्या तासाला बाई मोठ्याने वाचायला उठवतात.
तेव्हा मी पोट दुखतंय म्हणतो.

ओव्याची बरणी संपवली होती मी त्या पोटावर.

मुलं काय म्हणतात रे तुला, तिने विचारलं.
खिडकीकडे बघत म्हणाला, खवणी.
गेल्या चतुर्थीला मोदकांचं सारण करताना
मीच हाक मारली होती,
बाळा, तेवढी खवणी दे रे.
त्याने दिली होती. धुऊन दिली होती.

माझी आई म्हणायची, हसतील त्यांचे दात दिसतील.
तेच सांगायला मी तोंड उघडलं
आणि मिटलं.
त्याला भीती तीच तर आहे.

शिवण सुतभर तिरकी गेली तरी
बोट फिरवून कळते मला, अंधारातसुद्धा.
उसवते, परत घालते.
इथे उसवायचं काय? दोन वर्षं तारा,
महिन्याला एक फेरी, पैसे हप्त्याने चालतील म्हणाले.
त्याचे ब्लाउज किती होतात,
अस्तराचे किती, बिनअस्तराचे किती,
मी मनात मोजत होते आणि चुकत होते.

माझा कागद परत द्या, खोडते, मी म्हटलं.
राहू द्या काकू, ती म्हणाली,
आईचं आणि मुलाचं वेगळं आलं तरी चालतं.
आम्ही दोन्ही मोजतो.

स्वारगेटला स्टॉपवर मी पेरू घेतला.
विचारलं नाही. पर्समधली दोरे कापायची कात्री काढली,
ओढणीला पुसली, आणि पातळ फोडी करू लागले.
पेरूवाला बघतच राहिला.
एक खाल्ली त्याने. दुसरी, तिसरी.
पुढच्यांना मी मोजलंच नाही.

मग एका फोडीतून लाल दोरा निघाला.
आई, तो म्हणाला, पेरूला टाका घातलास?

आणि हसला.
हात उचलला गेलाच सवयीने,
पण बोटं तिखटमिठाने भरलेली,
हात अर्ध्यावरच थांबला,
कुठे ठेवावा कळेना त्याला.

मी रस्त्याकडे बघत राहिले, बस शोधत असल्यासारखी.
बस तर समोरच उभी होती.